पस्तीस वर्षांचा इसार

व्यापारी घरातील मुलाला एक शिकवण दुकानाची पायरी चढण्याआधीच मिळते. माल डोळ्यांनी पाहावा, हाताने चाचपावा आणि मगच पैसा मोकळा करावा. कापडाचा पन्हा मोजल्याशिवाय, धान्याची मूठ नाकाशी नेल्याशिवाय, सोने कसाला लावल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. न पाहिलेल्या मालासाठी इसार द्यायचाच झाला, तर समोरच्या पेढीची पत पाहून द्यावा, मुदत ठरवून घ्यावी आणि ती रक्कम काही काळ आपली नाही असे मानून चालावे. या शिकवणीत चूक काढता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ती घडली आहे.

तथापि २०१९ साली अमेरिकेत असा एक सौदा झाला की, त्याची हकिकत ऐकून कोणीही जुना व्यापारी कपाळाला आठी घालील. प्रौढ, कमावत्या, घरसंसार असलेल्या माणसांनी एका खेळण्यासाठी प्रत्येकी सुमारे ५७५ डॉलर देण्याचे कबूल केले. त्या वेळच्या दराने ही रक्कम चाळीस हजार रुपयांच्या घरात जाते. खेळणे तयार नव्हते. त्याचे साचेही झाले नव्हते. होता तो केवळ नमुना. आठ हजार नगांची मागणी नोंदली गेली तरच ते बनणार होते, आणि बनले तरी हाती येण्यास दीड वर्षाहून अधिक काळ लागणार होता. मागणी कमी पडली तर वस्तूही नाही आणि ग्राहकाचे पैसेही घेतले जाणार नाहीत, असा स्पष्ट करार होता.

त्या खेळण्याचे नाव युनिक्रॉन. एका रूपात तो अवकाशात फिरणारा, भोवती कडे असलेला, भला थोरला यंत्रग्रह. दुसऱ्या रूपात तोच ग्रह उकलतो आणि शिंगे व पंख असलेला अजस्र यंत्रमानव उभा राहतो. कथेत तो इतर ग्रह गिळून जगतो. अशा विध्वंसकाच्या प्रतिमेसाठी माणसे इतकी वर्षे का थांबली, हे समजून घ्यायचे तर या व्यवसायाची जुनी वही थोडी मागे उलटावी लागते.

ही वही सुरू होते ती कापडाच्या चिंध्यांपासून. पोलंडमधून अमेरिकेत आलेल्या हॅसनफेल्ड बंधूंनी १९२३ साली ऱ्होड आयलंड राज्यात व्यवसाय मांडला. गिरण्यांतून उरलेल्या कापडाचे तुकडे घेऊन विकणे हा त्यांचा पहिला धंदा. पुढे त्या कापडाने मढवलेल्या पेन्सिलपेट्या आल्या, मग पेन्सिली आल्या आणि १९४०च्या दशकात खेळणी आली. हॅसनफेल्ड ब्रदर्स या नावाची आद्याक्षरे जुळवून हॅसब्रो हे नाव झाले. चिंधीतून पेटी, पेटीतून पेन्सिल आणि पेन्सिलीतून खेळणे हा क्रम कोणत्याही व्यापारी कुटुंबाला ओळखीचा वाटेल. एका मालाच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या कशाची गरज आहे, हे ज्याला दिसते त्याचीच पेढी वाढते.

वहीचे दुसरे पान जपानमध्ये आहे. टोकियोत १९५५ साली टाकारा ही कंपनी उभी राहिली. हॅसब्रोने १९६४ साली काढलेला जी. आय. जो हा सैनिक बाहुला टाकाराने परवाना घेऊन जपानी बाजारात आणला. तेथे युद्धापेक्षा विज्ञानकथेची आवड अधिक दिसली, म्हणून टाकाराने त्या बाहुल्याचे रूप बदलत नेले. त्यातून १९७४ साली मायक्रोमॅन आणि १९८० साली डायाक्लोन ही मालिका निघाली. डायाक्लोनमध्ये मोटारी आणि विमाने होती, आणि तीच उलगडून यंत्रमानव होत असत. हॅसब्रोच्या माणसांनी ही खेळणी पाहिली, हक्क घेतले, वेगवेगळ्या मालिकांतील नग एकत्र केले आणि १९८४ साली ट्रान्सफॉर्मर्स या नावाने ती अमेरिकेत विकण्यास सुरुवात केली. ऱ्होड आयलंडहून जपानला गेलेले बी दुसऱ्या वाणाचे पीक होऊन परत आले, असेच म्हणावे लागेल. मालाला कथा हवी म्हणून चित्रमालिका काढली गेली, चित्रकथांची पुस्तके निघाली, आणि मुले दुकानात जाऊन खेळण्याला नावाने हाक मारू लागली.

ऑगस्ट १९८६ मध्ये याच कथेवरचा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच्या मुळाशी व्यापारी हिशेब होता. जुन्या खेळण्यांची जागा नव्या खेळण्यांना द्यायची होती. त्यामुळे मुलांचे लाडके नायक पडद्यावर मारले गेले. ऑप्टिमस प्राइम हा सर्वांत लाडका सेनापती मरण पावला, तेव्हा चित्रपटगृहात लहान मुले रडली. मुलांच्या मनात त्या आकृत्यांनी कोणती जागा घेतली आहे, याचा अंदाज मालकांना आला नव्हता. कोठारातला जुना माल काढून टाकता येतो, पण गिऱ्हाइकाच्या मनातील माल काढता येत नाही. हा धडा त्यांना त्या वर्षी मिळाला. पुढे ऑप्टिमस प्राइमला कथेत परत जिवंत करावे लागले.

याच चित्रपटात युनिक्रॉन आला. त्याला आवाज दिला होता ऑर्सन वेल्स यांनी. ‘सिटिझन केन’सारखा चित्रपट घडवणाऱ्या या थोर कलावंताच्या अगदी अखेरच्या कामांपैकी हे एक. ध्वनिमुद्रणानंतर काही दिवसांतच, १० ऑक्टोबर १९८५ रोजी, त्यांचे निधन झाले. पडद्यावर तो ग्रह उकलू लागला आणि त्यातून हात, पाय, मस्तक बाहेर आले, तेव्हा समोर बसलेल्या मुलांच्या मनात एकच विचार आला असणार: हा दुकानात केव्हा मिळेल?

तो मिळाला नाही. चित्रपटातील लहानसहान पात्रांची खेळणी आली; सर्वांत मोठ्याचे आले नाही. त्याचे नमुने मात्र तयार झाले होते. त्या नमुन्यांची छायाचित्रे पुढे संग्राहकांच्या हाती पडली आणि वर्षानुवर्षे फिरत राहिली. रंग विसंगत, चेहरा चित्रपटातल्यासारखा नाही, ठेवण ओबडधोबड. पण वस्तू होण्याच्या उंबरठ्यापर्यंत आलेली. न जन्मलेल्या खेळण्याचे एवढे एक छायाचित्र जपून ठेवणारी माणसे होती. युनिक्रॉनचे पहिले खेळणे प्रत्यक्ष बाजारात आले ते २००३ साली, नव्या मालिकेच्या निमित्ताने आणि नव्या मालिकेच्या रूपात. अनेकांनी ते आनंदाने घेतले. तरी १९८६च्या पडद्यावरचा तो हा नव्हे, अशी रुखरुख उरलीच.

या रुखरुखीचे मोल किती, हा प्रश्न कंपनीपुढे होता. मोठे आणि गुंतागुंतीचे खेळणे बनवायचे तर खर्चाचा मोठा भाग पहिला नग निघण्याआधीच होतो. नमुना करणे तुलनेने सोपे. संगणकावर आकृती रेखाटतात, यंत्राने थर चढवून तिचे भाग काढतात, घासून गुळगुळीत करतात आणि हाताने रंगवतात. असा नमुना प्रदर्शनात देखणा दिसतो. परंतु तो एकदाच करायचा असतो आणि तो करणाऱ्या कारागिराने त्याची प्रत्येक उणीव स्वतःच्या हाताने झाकलेली असते. कारखान्यात हात झाकायला येत नाही. तेथे पोलादाचा साचा कोरावा लागतो. वितळलेले प्लास्टिक त्यात दाबाने भरले जाते. थंड होताना ते किंचित आकसते. किती आकसेल याचा हिशेब साचा कोरण्यापूर्वीच धरावा लागतो. प्रत्येक भाग साच्यातून अडकल्याशिवाय सुटावा म्हणून त्याच्या बाजूंना सूक्ष्म उतार द्यावा लागतो. भिंत जाड झाली तर पृष्ठभागावर खळगा पडतो, पातळ झाली तर ती वाकते.

रूप बदलणाऱ्या खेळण्यात याच्यावर आणखी एक ओझे असते. जो भाग ग्रहाचे कवच म्हणून बाहेर दिसतो, तोच उलटून यंत्रमानवाच्या पंखाची किंवा पायाची जागा घेतो. एका बिजागरीत केसभर फरक पडला तर कवचाच्या फटी मिटत नाहीत. युनिक्रॉनच्या बाबतीत वजनाचा प्रश्नही होता. यंत्रमानवाच्या रूपात उंची २७ इंच, ग्रहाच्या रूपात कड्यासह व्यास सुमारे ३० इंच आणि वजन साडेआठ किलोहून अधिक, असा तो योजला होता. एवढा भार सांध्यांनी पेलायचा तर ते नुसते घट्ट असून भागत नाही. त्यांत दातेरी चकत्या बसवाव्या लागतात, म्हणजे सांधा टप्प्याटप्प्याने फिरतो आणि फिरला तेथेच थांबतो. असे सगळे भाग, त्यांचे साचे, चाचणीचे नग, दुरुस्त्या आणि पुन्हा चाचणी या सर्वांचा खर्च एका नगासाठी करा किंवा लाखासाठी करा, साच्यांपुरता तो तेवढाच. विकल्या जाणाऱ्या नगांवर तो वाटायचा असतो. नग थोडे असतील तर वाटा मोठा होतो आणि किंमत कोणालाच परवडत नाही.

यावर हॅसब्रोने २०१८ सालापासून एक मार्ग काढला होता. त्याला त्यांनी हॅसलॅब असे नाव दिले. नमुना दाखवायचा, किंमत सांगायची, किमान संख्या जाहीर करायची आणि मुदत घालायची. संख्या भरली तरच साचे कोरायचे. पहिला प्रयोग स्टार वॉर्समधील एका मोठ्या शिडाच्या नौकेचा झाला. सुमारे ५०० डॉलर किंमत, ५००० नगांची अट. ती पूर्ण झाली. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर हा ऑर्डर घेऊन माल भरण्याचाच प्रकार. लग्नासाठी खास शालू विणून घ्यायचा असला की विणकर आधी इसार मागतो, कारण तो शालू दुसऱ्या कोणाला विकला जाईलच असे नाही. फरक एवढाच की येथे विणकर आठ हजार गिऱ्हाइके एकदम जमवू पाहत होता.

आठ हजारांना ५७५ने गुणले तर ४६ लाख डॉलर होतात. जुलै २०१९ मध्ये सॅन दिएगो येथील प्रसिद्ध मेळ्याच्या सुमारास ही योजना जाहीर झाली. मुदत ३१ ऑगस्टची होती. आरंभीचा उत्साह ओसरला आणि आकडा रेंगाळू लागला. दिवस सरत होते आणि आठ हजारांचे टोक दूर होते. संग्राहकांच्या मनात तेव्हा एक वेगळीच भीती उभी राहिली. दुकानात आलेला माल महाग वाटला तर पुढच्या हंगामात स्वस्त होण्याची वाट पाहता येते. येथे वाट पाहणाऱ्यांची संख्या वाढली तर मालच निपजणार नव्हता. आणि एकदा मागणी पुरेशी नाही असा शिक्का बसला, की पुन्हा कोणी हा विषय काढणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या निर्णयाला बांधला गेला होता.

ऑगस्टअखेर संख्या भरली नाही. कंपनीने मुदत ६ ऑक्टोबरपर्यंत वाढवली.

त्या वाढीव पाच आठवड्यांत ज्यांनी नाव नोंदवले, त्यांपैकी एकाचे घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणता येईल. १९८६ साली तो आठ वर्षांचा असेल. वडिलांचे गावात लोखंडी सामानाचे छोटे दुकान असेल. चित्रपट पाहून बाहेर पडताना मुलाने वडिलांचा हात ओढून त्या ग्रहाबद्दल विचारले असेल. वडिलांनी दुकानदाराच्या सवयीने उत्तर दिले असेल, “आला की घेऊ.” दुकानदाराच्या तोंडचे हे वाक्य पोकळ नसते. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आणि मुलाला दिलेला शब्द यांत तो भेद करीत नाही. पण माल आलाच नाही, त्यामुळे शब्द पाळण्याची वेळही आली नाही. तो मोडलाही नाही, फिटलाही नाही. वहीत अशा नोंदी असतात. वर्षअखेरीला त्या पुढच्या वहीत ओढल्या जातात, आणि काही काळाने त्या कशाच्या आहेत हे मूळ लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

जुलै २०१९ मध्ये तोच मुलगा ४१ वर्षांचा गृहस्थ आहे. घराचे हप्ते आहेत, मुलीची शाळा आहे, छपराची डागडुजी पुढे ढकललेली आहे. बायकोपाशी तो विषय काढतो, तेव्हा ती रागावत नाही. ती एकच प्रश्न विचारते, “तुला हे हवे आहे, की हवे होते?”

या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नाही. ज्याने कर्ज मागणाऱ्यांच्या अर्जांवर आयुष्य काढले आहे, त्याला हा प्रश्न चांगला उमजेल. माणूस गाडीसाठी, घरासाठी, दागिन्यासाठी पैसे मागतो तेव्हा अर्जावर आजची गरज लिहितो. मागणी मात्र बहुधा जुनी असते. कधीतरी शेजाऱ्याच्या ओट्यावर उभे राहून पाहिलेली, कधी बापाने नाकारलेली, कधी बापाला न परवडलेली. तशी मागणी पुरवावी की नाही याला एकच नियम लावता येत नाही. ती उधारीवर पुरवू नये, एवढे मात्र ठामपणे सांगता येते. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्यामागून महिना ओढत नेली, तर ५७५ डॉलरचे खेळणे किती डॉलरला पडेल हे त्याच्या खोक्यावर छापलेले नसते. बालपणीच्या इच्छेवर चक्रवाढ व्याज चढले तर ती इच्छा राहत नाही, ऋण होते.

त्या गृहस्थाने ऑगस्टच्या मुदतीत नाव नोंदवले नाही. पैसे हाताशी नव्हते, आणि बायकोच्या प्रश्नाचे उत्तरही. पाच आठवडे वाढले, तेव्हा त्याने दोन्ही जमवायला घेतले. जुने काही नग विकले. बाहेरचे जेवण बंद केले. शनिवारी जादा काम धरले. ऑक्टोबर उजाडला तेव्हा रक्कम पुरी झाली होती. उत्तर म्हणून त्याने बायकोला इतकेच सांगितले, की हवे होते हे खरे. पण तेव्हा ज्याने घेऊ म्हटले होते तो माणूस अजून हयात आहे. तिने पुढे काही विचारले नाही.

मुदत संपता संपता आठ हजारांचा आकडा पार झाला. ज्यांनी आधी नोंदवले होते आणि ज्यांनी अखेरच्या दिवशी नोंदवले, दोघांची बाजू सारखीच झाली. पहिल्या नगाइतकाच आठ हजारावा नगही आवश्यक होता. सार्वजनिक कामासाठी वर्गणी जमवणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येतो. मोठी देणगी देणाऱ्याचे नाव पाटीवर लागते; काम पुरे होते ते शेवटच्या लहान पावतीने.

यानंतर खरी प्रतीक्षा सुरू झाली. प्रतीक्षा करणाऱ्यांचा स्वभाव या काळात उघडा पडतो. काही जण पैसे दिले आणि विसरले. काही जण कंपनीने दाखवलेले प्रत्येक छायाचित्र निरखत बसले. नमुन्यातील नारिंगी छटा कायम आहे का, खांद्याची फट कमी झाली का, गुडघा भार सोसेल का? त्यात अविश्वास होता असे नाही. नमुना पाहून घेतलेला माल नमुन्याबरहुकूम आहे की नाही, हे पाहण्याचा हक्क ग्राहकाचा असतोच. कापडाच्या बाजारात सौदा झाल्यावर नमुन्याचा तुकडा कापून दोघांपाशी ठेवतात. पुढे गाठ उघडली की तुकडा ताग्याशी लावून पाहतात. येथे तो तुकडा म्हणजे ते छायाचित्र होते. आणखी काही जणांनी दोन-दोन नग नोंदवले असतील, एक ठेवण्यासाठी आणि एक भाव वाढल्यावर विकण्यासाठी. तेही बाजाराचेच एक अंग आहे. पण त्यांची वाट पाहणे निराळे. ते वस्तूची वाट पाहत नव्हते, भावाची पाहत होते.

मार्च २०२० उजाडला आणि जगच थांबले. कारखाने, बंदरे, शाळा, दुकाने बंद झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये दीड वर्षाची मुदत मान्य करणाऱ्या कोणालाही त्या दीड वर्षात काय काय दडले आहे याची कल्पना नव्हती. मुदतीच्या सौद्याचे हेच मर्म आहे. सही करताना दोन्ही बाजू असे गृहीत धरतात, की देणारा असेल, घेणारा असेल आणि घेणाऱ्याच्या घरातील माणसेही असतील. हे गृहीत कोणत्याही करारात लिहिलेले नसते. त्या काळात एका खेळण्याची चिंता करणे अनेकांना लाजिरवाणे वाटले असेल. तरीही ती चिंता पुरती गेली नसेल, कारण पुढल्या वर्षी काहीतरी येणार आहे ही जाणीव, मग ते काहीही असो, बंद घरात माणसाला आधार देते.

२०२१ साली खोकी घरोघर पोहोचू लागली. वचन दिले होते त्या मापाचा, त्या वजनाचा युनिक्रॉन त्यांत होता. १९८६ मध्ये नमुना म्हणून थांबलेली कल्पना पस्तीस वर्षांनी वस्तू म्हणून पोहोचली. या सौद्याने एक पायंडाही घट्ट केला. त्याच वर्षी त्याच कंपनीने व्हिक्टरी सेबर या दुसऱ्या, बऱ्याच स्वस्त यंत्रमानवासाठी ११००० नगांची अट घातली आणि ती भरून वाहिली. उलट रँकॉर या राक्षसाच्या मोठ्या आकृतीसाठी मागितलेले ९००० नग वर्षअखेरीपर्यंत जमले नाहीत, आणि तो प्रकल्प तेथेच थांबला. नमुना देखणा होता म्हणून प्रत्येक वेळी गिऱ्हाईक मिळते असे नाही. जुनी वाट पाहणारी माणसे हीच अशा मालाची खरी पुंजी असते, आणि ती जाहिरातीने एका महिन्यात उभी करता येत नाही.

त्या कल्पित घरात खोके आले ते दोघांनी मिळून आत घेतले. बायकोने सुरी आणली. मुलगी, आता आठ वर्षांची, जवळ येऊन बसली. ग्रहाचा माणूस करण्यास बराच वेळ लागला. कवचाचा एकेक तुकडा उलटत, सांध्याचा कटकट असा आवाज ऐकत, चुकत, मागे येत तो पुढे गेला. काही भाग त्याने मुलीच्या हाती दिले. प्रथम त्याचा हात आखडत होता. इतक्या वर्षांची वस्तू, त्यात लहान मुलीची बोटे! मग त्याच्या ध्यानी आले, की ही वस्तू मुळात याच वयाच्या बोटांसाठी कल्पिलेली होती.

रविवारी वडील आले. त्र्याहत्तर वर्षांचे, दुकान केव्हाच दुसऱ्याला दिलेले. टेबलावरचा तो अजस्र यंत्रमानव पाहून त्यांनी आधी चष्मा लावला, मग किंमत विचारली. आकडा ऐकून काही क्षण ते बोलले नाहीत. नंतर त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिले, गुडघा वाकवून सोडला, खांद्याची फट बोटाने चाचपली आणि मान डोलावली. “माल चोख आहे,” ते म्हणाले.

मुलाने त्यांना चित्रपटगृहाच्या दाराशी झालेल्या बोलण्याची आठवण करून दिली. त्यांना ती नव्हती. ते शब्द आपण बोललो असू हे मात्र त्यांनी लगेच मान्य केले, कारण ते त्यांचेच शब्द होते. शेकडो गिऱ्हाइकांना ते तसेच म्हणत आले होते. थोडा वेळ ते त्या आकृतीकडे पाहत राहिले. मग काहीशा तक्रारीच्या सुरात म्हणाले, “आला की घेऊ म्हणालो होतो ना? मग आल्याचे मला कोणी कळवले का नाही?”

त्यांचा हात खिशाकडे गेला होता. मुलाने तो धरला आणि खाली ठेवला. पण वडिलांनी ऐकले नाही. त्यांनी पाकिटातून एक डॉलरची नोट काढून टेबलावर, त्या यंत्रमानवाच्या पायापाशी ठेवली. बाकीचे हिशेबात धर, म्हणाले.

नात मात्र गोंधळून पाहत होती. आजोबांनी खेळणे विकत घेतले की भाड्याने घेतले, हे तिला कळेना. तिने बाबांना विचारले, आता हा कोणाचा? बाबांनी ती नोट उचलून तिच्या हाती दिली, आणि युनिक्रॉनचा पुन्हा ग्रह करायला तिला बोलावले.